जीवाचा दोर आणि ओझ्याचा दोर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"मायं वय सव्वीस. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. बाबा तीस वर्सापासून झाडं उतरवून राह्यले, अंबाडीचा दोर कमरेले अन् कुऱ्हाड खांद्यावर. मी पाच वर्सापासून त्यायच्या संग आहो. आता घरावरच्या, विहिरीवरच्या झाडायचे मोठे कामं भेटून राह्यले, म्हणून चेन सॉ घेतली. चाळीस हजार जमा आहेत. तालुक्याच्या दुकानदारानं १६ एमएमचा पिवळा दोर दाखवला, दोन टन झेलते म्हणे. अमरावतीचा एक दोस्त डोंगर चढते, तो आपला जुना दोर देतो म्हणते. क्रेनवाल्याकडं वापरलेले पट्टे सस्त्यात आहेत. बाबा म्हणते काही घेऊ नको, झाड दोरानं नाही, हातापायानं चढते. आधी काय घेऊ? अन् टिनावरच्या जड फांद्या खाली कशा उतरवू?"

भाऊ,

पत्र मिळालं आणि त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो, कारण तुम्ही चेन सॉ आधी घेतली आणि दोराचं आता विचारताय. दोर हातात येईपर्यंत ती सॉ घेऊन झाडावर जाऊ नका. तेवढे दिवस जमिनीवरचं लाकूड कापा.

बाबांचं म्हणणं आधी घेतो. ते चुकीचं बोलत नाहीत, त्यांच्या कामापुरतं ते खरंच आहे. कुऱ्हाडीनं छाटणारा माणूस एका हातानं फांदी धरतो, पायानं अढी घालतो आणि दुसऱ्या हातानं घाव घालतो. त्याला झाडाशी बांधून ठेवतात ते त्याचेच हातपाय. चेन सॉला दोन्ही हात लागतात. दोन्ही हात सॉवर गेले की झाड धरायला कोणी उरत नाही, मग शरीर दुसऱ्या कशावर तरी तोललेलं असावं लागतं. दोराची गरज तुमच्या हत्यारानं आणली, भित्रेपणानं नाही. बाबांना हे असंच सांगा, त्यांना पटेल.

दुसरी गोष्ट. तुम्ही सगळीकडे "दोर" असं एकच विचारलंय. हे दोन दोर आहेत. एकावर तुम्ही लटकता, दुसऱ्यावर फांदी लटकते. त्यांचा रंग वेगळा ठेवा, पिशवी वेगळी ठेवा आणि एकाचं काम दुसऱ्याला कधीही देऊ नका. "एवढी एकच फांदी" म्हणूनही नाही. ओझ्याचा दोर झटके खातो, सालीवर घासतो, आतून दुखावतो आणि बाहेरून धड दिसतो. त्याच्यावर दुसऱ्या दिवशी माणूस चढला, की तो कालच्या ओंडक्याचा हिशेब चुकवत असतो.

आता दुकानदाराचा पिवळा दोर. तो किलोवर तोलून देतात तोच ना? तो बहुतेक पॉलिप्रोपिलीनचा असतो. विहिरीतून बादली काढायला, काड्यांचे भारे बांधायला, सॉ वर ओढून घ्यायला चांगला. माणसासाठी नको. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे ऊन. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हा धागा उन्हात लवकर कुजतो. हातात चुरचुर लागायला लागली, बारीक पांढरे कण पडायला लागले की समजा तो संपत आलाय. दुसरं कारण जास्त वाईट. पॉलिप्रोपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं. झाडावरून उतरताना आपण दोरावर आवळगाठ घालून तिच्या घर्षणावर खाली येतो. जरा जोरात घसरलं की त्या गाठीखाली एवढी उष्णता सहज तयार होते. दोराचा पृष्ठभाग आधी चकाकतो, काचेसारखा गुळगुळीत होतो, मग गाठ धरतच नाही. अशी चकाकी मी बोटानं चाचपलेली आहे. मेण लावल्यासारखी लागते आणि तिथे दोर वाकवला तर कडक वाटतो. पॉलिएस्टर वितळायला अडीचशेच्या आसपास अंश लागतात, हा फरक झाडावर मोठा आहे.

आणि ते "दोन टन". तो आकडा नवा, सरळ, बिनगाठीचा दोर मशीनवर ओढून तुटताना येतो. गाठ मारली की गाठीच्या जातीप्रमाणे तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद जाते. म्हणून माणसाच्या दोराला तुटण्याच्या आकड्याचा दहावा भागच वापरायचा असा या धंद्यातला हिशेब आहे.

दोस्ताच्या दोराबद्दल. त्याचं मन मोठं आहे, पण दोर घेऊ नका. डोंगर चढणाऱ्यांचा दोर मुद्दाम ताणणारा असतो, कारण कडा चढताना पडलेल्या माणसाचा झटका त्यानं पोटात घ्यायचा असतो. त्या दोरांच्या ईएन ८९२ या युरोपीय मानकात एकेरी दोराला ८० किलो वजन टांगल्यावर १० टक्क्यांपर्यंत ताण चालतो. म्हणजे १५ मीटर दोरावर तुम्ही दीड मीटरपर्यंत खालीवर होऊ शकता, हातात चालू सॉ घेऊन. वर तो जुना. किती वेळा झटका खाल्ला, कुठे पडून होता, हे दोस्तालाही नेमकं आठवणार नाही. ज्या दोराचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, त्यावर माणूस टांगायचा नाही.

तुम्हाला लागतो तो कमी ताणणारा, आत गाभा आणि वर विणलेलं आवरण असलेला दोर. त्याचं युरोपीय मानक ईएन १८९१ आणि त्यातला "ए" प्रकार घ्यायचा. त्याला बिनगाठीचा किमान २२ किलोन्यूटन ताण झेलावा लागतो. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळ शंभर किलो, म्हणजे बावीसशे किलो झाले. जाडी ११ ते १३ मिलिमीटरच्या दरम्यानची घ्या. त्याहून बारीक दोर ताकदीनं पुरेल, पण हाताला धरवत नाही आणि गाठ नीट बसत नाही. नायलॉन मिळेल, पॉलिएस्टर मिळेल, दोन्हींचं मिश्रणही मिळेल. नायलॉन ओला झाला की थोडा कमकुवत होतो आणि जास्त ताणतो, म्हणून पावसाळ्यात छाटणी करणाऱ्याला मी पॉलिएस्टरचं आवरण सुचवतो.

लांबी मात्र कमी घेऊ नका. दोर फांदीवरून घालून दोन्ही पदर खाली घेतले तर उंचीच्या दुप्पट दोर लागतो. आपली गावठाणातली चिंच वीस मीटरला सहज जाते, तेव्हा ४५ मीटरचा एकसंध दोर घ्या. आणि टोकाला गाठ मारल्याशिवाय कधी वर जाऊ नका. दोर अपुरा पडून टोक गाठीतून सुटलं की माणूस सरळ खाली येतो. ही गाठ फुकट आहे.

खरा-खोटा ओळखायचा कसा? टोकाच्या पट्टीवर मानकाचा आकडा आणि जाडी छापलेली असते, पण छपाई कोणीही करतो. दोराच्या कापलेल्या टोकातून गाभ्यात बघा. ईएन १८९१ च्या दोरात आतून एक बारीक पट्टी शेवटपर्यंत गेलेली असते आणि तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव, मानक, साल आणि धागा कोणता ते पुन्हा पुन्हा छापलेलं असतं. साल नक्की वाचा. न वापरलेला दोरसुद्धा कायमचा नसतो. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची हद्द घालतात, आणि रोजच्या कामातला दोर त्याच्या फार आधी संपतो.

पट्ट्याबद्दल एक चूक मी वारंवार पाहतो. इमारतीच्या कामावर मिळणारा पाठीवर कडी असलेला सेफ्टी बेल्ट आणतात आणि त्यावर झाड चढतात. तो पडल्यावर अडकवायला आहे, बसून काम करायला नाही. पाठीतून लटकलेला माणूस समोर कापूच शकत नाही आणि तसाच लटकत राहिला तर पायांतलं रक्त वर परतत नाही, थोड्याच वेळात जीव घाबरा होतो. झाडासाठी मांड्यांत आणि कमरेत बसणारा, पुढच्या बाजूला दोर अडकवायची जागा असलेला आणि दोन्ही कुशींना कड्या असलेला हार्नेस लागतो. घेण्याआधी दुकानातच त्यात दहा मिनिटं लटकून बघा. मांडीला मुंग्या आल्या तर दुसरा मागा.

कुशीच्या कड्यांना कमरेचा आखूड दोर लागतो, खोडाभोवती घालायचा. त्यात पोलादी तारेचा गाभा असलेला मिळतो. सॉ चुकून लागली तर साध्या दोरासारखा तो एका झटक्यात जात नाही, पण अजिबात कापला जात नाही असंही समजू नका. सॉ चालू करायची तेव्हा दोन ठिकाणी बांधलेलं असायचं, वरून मुख्य दोर आणि खोडाभोवती हा. एक कापला गेला तरी दुसरा हातात राहतो. फक्त विजेच्या तारेजवळच्या झाडावर पोलादी गाभ्याचा दोर नेऊ नका.

कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायची झडपेची कडी. तो घेताना त्याच्या अंगावर कोरलेले आकडे वाचा. लांबीच्या दिशेला वीसच्या पुढे किलोन्यूटन लिहिलेलं असेल, आडव्या दिशेला सात-आठच. आडवा पडून ताण आला की त्याची ताकद एवढी कमी होते, म्हणून तो सरळ बसलाय का हे दर वेळी डोळ्यानं पाहायचं. झडप अशी हवी की सरकवून, फिरवून आणि मग दाबूनच उघडेल. फांदीला घासून आपोआप उघडणारी नको. ज्यावर आकडाच नाही तो कॅराबिनर पाण्याच्या बाटलीला लावा.

आवळगाठीसाठी आठ ते दहा मिलिमीटरचा, उष्णता सोसणाऱ्या अरामिड आवरणाचा छोटा दोर वेगळा मिळतो. याच्यात काटकसर करू नका, सगळा घसारा तोच खातो, म्हणून तो वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा बदलावा लागतो. हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचंच. वर दोर टाकायला बारीक दोरी आणि दोनशे ते चारशे ग्रॅमची छोटी पिशवी. ज्यानं ज्वारीवरची पाखरं गोफणीनं हाकलली त्याला पंधरा मीटरवरची फांदी गाठायला दोन दिवसही लागणार नाहीत.

तुमचे चाळीस हजार आधी एवढ्यावरच लावा: हार्नेस, जीवाचा दोर, गाठीचा दोर, कमरेचा दोर, कॅराबिनर, हेल्मेट. पैसे उरले तर ओझ्याचं सामान. नाही उरले तर या हंगामात टिनावरची कामं घेऊ नका. हे सांगताना मला कळतं की पैसा तिथेच आहे. तरी सांगतो.

आता त्या फांद्या. आधी वजन. ओलं लाकूड पाण्याइतकं जड धरून चाला. एक फूट जाडीचा, मीटरभर लांबीचा ओंडका साधारण ७० किलोचा होतो. दोन फूट जाडीचा तेवढ्याच लांबीचा १४० किलोचा होईल असं मनाला वाटतं. तो भरतो २८० किलो. जाडी दुप्पट, वजन चौपट. डोळा इथेच फसतो.

मग झटका. फांदी दोरात अजिबात ढील नसताना एकदम सुटली तरी दोरावर तिच्या वजनाच्या सुमारे दुप्पट ताण येतो. ७० चे १४० झाले. हा दोर वर कप्पीतून गेलेला असतो, एका बाजूला फांदी आणि दुसऱ्या बाजूला तिला धरणारा माणूस, म्हणून कप्पी ज्या फांदीला बांधली तिच्यावर दोन्ही पदरांचा ताण येतो, म्हणजे २८० किलो. आणि हे ढील नसताना. हातभर ढील राहिली, फांदी तेवढी पडून मग दोरात आली, तर आकडा कितीतरी पटीनं वाढतो. अपघाताला दोरच तुटावा लागतो असं नाही. कप्पी बांधलेली फांदीच मोडून येऊ शकते, आणि चढलेला माणूस त्याच झाडावर असतो.

म्हणून कप्पी उतरवायच्या फांदीच्या वर बांधा, खाली नाही. बांधलेली फांदी ठोकून, वाजवून, आतून पोकळ नाही ना ते बघून घ्या. शेवगा, गुलमोहर, निलगिरी यांच्या फांद्यांवर मी ओझं घेत नाही, त्या कुरकुरही न करता मोडतात. चिंच धरते. कडुनिंब धरतो, पण जुन्या निंबाच्या बेचक्यात पाणी मुरून कुजलेलं असतं, तिथे सुरी खुपसून बघायची. आणि फांदी लहान लहान तुकड्यांत आणा. एक मोठा तुकडा उतरवायला लागणारा वेळ आणि चार लहान उतरवायला लागणारा वेळ यात फार फरक नाही, टिनाच्या बिलात आहे.

ओझ्याचा दोर पॉलिएस्टरचा, विणीच्या आत वीण असलेला, १४ ते १६ मिलिमीटर. चांगल्या दोराच्या लेबलवर ४० किलोन्यूटनच्या पुढचा आकडा असतो, दहावा भाग धरला तर चारशे किलो. कप्पीचं चाक दोराच्या जाडीच्या निदान चौपट व्यासाचं हवं, जास्त असेल तर उत्तम. बांधकामावरची छोटी कप्पी दोराला चिमटते.

क्रेनवाल्याचे पट्टे? इथे माझं उत्तर अर्धं हो आहे. उचलण्याच्या पट्ट्यांचे रंग ठरलेले असतात: जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन. शिवलेलं लेबल शाबूत असेल, कडेला कापलेलं नसेल, तेल-रसायनाचा डाग नसेल तर कप्पी बांधायला चालेल. फास घालून बांधला की त्याची क्षमता सुमारे ८० टक्के धरा. लेबल गेलेला पट्टा फुकट दिला तरी घेऊ नका. आणि पट्ट्यावर माणूस कधीच नाही.

खाली दोर धरणाऱ्यानं तो हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. शेजारच्या झाडाच्या बुंध्याला किंवा त्याच झाडाच्या बुडाला वेढे द्यायचे. दोन वेढ्यांत एक माणूस मोठा ओंडका थोपवतो. पण तो जागीच थोपवायचा नाही, फांदी सुटली की दोर चालू द्यायचा आणि हळूहळू आवळत आणायचा. तो चालता दोरच झटका खातो. हे काम हाताला कळावं लागतं, आणि इथे तुमच्या घरात तीस वर्षांचा हात बसलेला आहे. बाबांना खाली दोरावर उभं करा. कोणती फांदी कुठे झुकेल, कुठे फिरेल, हे वर चढलेल्यापेक्षा त्यांना आधी दिसेल. त्यांना बाजूला सारून तुम्ही हा धंदा मोठा करू शकणार नाही.

दोर सांभाळायची एक गोष्ट माझ्या अनुभवातली. माझा एक नायलॉनचा दोर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बॅटरीशेजारी ठेवला होता. रस्ता खराब, बॅटरीचं पाणी सांडलं. दोर वाळला, डाग जवळजवळ दिसत नव्हता, नुसता हात लावला असता तर कळलं नसतं. पुढच्या कामाआधी सवयीप्रमाणे बोटाबोटानं चाचपत होतो तेव्हा एका वीतभर जागी गाभा मऊ, पोकळ लागला. त्या जागी पीळ देऊन ओढलं तर धागे कापसासारखे सुटले. नायलॉन आम्लानं जातो. पॉलिएस्टर आम्ल सोसतो पण चुन्या-सिमेंटासारख्या अल्कधर्मी गोष्टींनी खराब होतो. म्हणून दोर खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात भरू नका, फवारणीच्या पंपाशेजारी टांगू नका. आपल्याकडे घरोघर तेच होतं, कारण पोतं हाताशी असतं. कापडी पिशवी शिवून घ्या, उंदरांपासून दूर सावलीत टांगा. काळ्या मातीत दोर पसरायचा नाही, खाली ताडपत्री टाका, माती विणीत शिरली की प्रत्येक ताणाला आतून कापते. धुवायचा तर साध्या साबणाच्या पाण्यात, वाळवायचा सावलीत. आणि दर कामाआधी पूर्ण दोर बोटांतून सरकवायचा, डोळे मिटून. कडक गाठोळी, मऊ पोकळी, चपटा झालेला भाग, आवरणातून दिसणारा पांढरा गाभा, यातलं काही सापडलं तर तिथे कापून टाका, आणि बऱ्याच ठिकाणी सापडलं तर सगळा दोर बाद करा. बाद केलेल्याचे तुकडे करा, नाहीतर कोणीतरी तो झुल्याला बांधेल.

तीन गोष्टी पटकन. तारेला फांद्या टेकलेल्या असतील तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घेतल्याशिवाय चढू नका, ओला दोर वीज वाहून नेतो. आग्यामोहोळ आधी शोधा, संध्याकाळी लांबून बघा. आणि झाड मुळासकट तोडायचं असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली कोणत्या झाडाला परवानगी लागते ते वनविभागाकडे विचारून घ्या. चिंच, आंबा, मोह, सागवान यांच्याबद्दल तरी न विचारता हात लावू नका.

सामान आलं की लगेच गिऱ्हाईक घेऊ नका. घराशेजारच्या बुटक्या निंबावर, जमिनीपासून पाच फुटांवर, आठवडाभर चढा-उतरा. मग एक दिवस वरच मान टाकून बेशुद्ध झाल्यासारखे लटका आणि बाबांना सांगा, आता मला खाली उतरवा. ते किती मिनिटांत जमतं ते घड्याळ लावून बघा. पहिल्या खेपेला वेळ लागेल, दोर कुठे सोडायचा हेच कळणार नाही. पुन्हा लटका. तुम्ही न बोलता, न हलता त्यांनी तुम्हाला मातीवर आणलं की टिनावरच्या चिंचेचं काम घ्या.